सान सेरापिओच्या उंबरठ्यावरची हाक

ही गोष्ट खरी आहे. मला माझ्या सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजीनं. आमच्या घरात थापा मारणारे पुष्कळ आहेत, पण या गोष्टीला आजवर कुणी पदरचा एक शब्द जोडलेला नाही.

आगगाडी नुकतीच आमच्या वाळवंटातल्या तुसॉन शहरापर्यंत आली होती, त्या वर्षीची. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. रात्र नव्हे… भर दुपार.

जागा, गावाबाहेरचं सान सेरापिओचं पडकं चर्च.

स्पॅनिश पाद्री कधीच निघून गेले होते. छप्पर कोसळलं होतं. तुळया लोकांनी आपापल्या घरांना लावल्या, आणि खजिन्याच्या आशेनं कुणीकुणी जमीन खणून ठेवली. तरी एका कामासाठी गाव अजून तिथे जायचं.

तान्ही मुलं गेली की तिथे पुरायची. आत, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाजवळ.

कासिल्दाची पहिली मुलगी तिथेच होती. इनेस. तापानं गेली, दात यायच्या आधीच.

दुसरी मुलगी झाली, तिचंही नाव इनेस ठेवलं. आमच्याकडे तसंच करतात. वर गेलेली धाकटीला सांभाळते म्हणतात. ही इनेस आता नऊ महिन्यांची होती. खालचे दोन दात आलेले, आणि दूध पिताना चावायची अशी की कासिल्दाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पण कासिल्दा तिला कधी खाली ठेवायची नाही. रात्री उठून नाकाशी बोट धरायची. श्वास लागला की मग झोपायची.

त्या दुपारी लेआंद्रो नावाचा फोटोवाला खेचराची गाडी घेऊन आला. गाडीत फोटो उमटवायच्या काचा, बाटल्या आणि एक काळा तंबू. त्याला पडक्या चर्चचे फोटो हवे होते.

"पडक्या भिंती विकत कोण घेतं हो?" कासिल्दाच्या सासूनं विचारलं. दोन्या ब्रिहिदा, म्हणजे ब्रिहिदाबाई.

"आगगाडीतून येणारे गोरे, दोन्या. त्यांना मोडकं-पडकं फार आवडतं."

"मग मलाही न्यायला सांगा."

कासिल्दाचा नवरा आन्सेल्मो हसला. लेआंद्रोला फोटोत एखादं माणूस हवं होतं, म्हणजे भिंती किती उंच ते कळेल. आन्सेल्मो उभा राहिला, तर बदल्यात तो बाळाचा फोटो फुकट देणार होता.

आन्सेल्मोचा चेहरा एकदम उजळला. "कासिल्दा, बसव ना इनेसला. पहिलीचं तोंड कसं होतं, ते मला आता नीट आठवतही नाही."

हे ऐकल्यावर कासिल्दाला नाही म्हणवेना.

"अरे, अक्कल गहाण ठेवलीस का?" दोन्या ब्रिहिदा भडकली. "आत कुणाला बसवून फोटो काढतात? गेलेल्या लेकरांना. पंख लावून, फुलांचा मुकुट घालून. जिवंत पोर तिथे कुणी बसवलंय का कधी?"

"आई, उजेड आत चांगला आहे म्हणतो तो."

"उजेड सगळीकडे एकच असतो."

पण शेवटी बसलेच.

कोसळलेल्या विटांच्या ढिगावर कासिल्दा बसली, मांडीवर इनेस. लेआंद्रोनं दोन्या ब्रिहिदाची काळी शाल मागून घेतली आणि कासिल्दाच्या डोक्यावरून पार खालपर्यंत टाकली. तान्ह्या मुलांचे फोटो तेव्हा असेच काढत. आई शालीआड, बाळाला घट्ट धरून. फोटोत दिसणार फक्त बाळ.

"काच ओली आहे तोवरच काम होतं," तो म्हणाला. "'आवे मारिया'ची प्रार्थना दोनदा म्हणून होईपर्यंत पोरीला हलू देऊ नका. हलली तर पुसट येईल."

शालीत अंधार होता. चुलीच्या धुराचा वास.

कासिल्दानं मनात प्रार्थना सुरू केली. इनेस पाय झाडत होती. कासिल्दानं तिला कमरेशी आवळून धरलं.

बाहेर भिंतीवर पारवे घुमत होते…

घुमायचे थांबले.

मग कासिल्दाला जाणवलं, कुणीतरी शाल धरलीय.

पाठीमागून. खाली, जमिनीलगत. आधाराला धरून उभं राहायला शिकणारं पोर धरतं ना… तसं.

तिला वाटलं, सासूबाई असतील.

"झालं," लेआंद्रोचा आवाज आला. तिनं शाल ओढून काढली. सासूबाई तर पार दाराशी उभ्या होत्या.

मागे कुणी नव्हतं. नुसतं दगडी कुंड.

मांडीवर इनेस शांत बसली होती.

बाहेर पडताना कासिल्दानं प्रत्येक आई करते तेच केलं. ओढा ओलांडला, कबरींजवळून गेलं, पोर कुठे दचकलं, की निघताना नाव घेऊन हाक मारायची. नाहीतर लेकराची सावली तिथेच राहते आणि घरी नुसतं अंग येतं. उंबरठ्यावर आत तोंड करून तिनं हाक मारली.

"इनेस, चल गं. मागे राहू नकोस."

पुन्हा एकदा मारली.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि दोन्या ब्रिहिदानं तिच्या तोंडावर हात दाबला.

"पोरी… या नावाच्या इथे दोघी आहेत."

कासिल्दाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. धाकटीला घेऊन ती आत पहिल्यांदाच आली होती.

घरी इनेस रडली नाही. कोंबडीमागे रांगली नाही. संध्याकाळी कासिल्दानं तिला पाजायला घेतलं, दात लागतील म्हणून अंग आवळून.

दात लागले नाहीत.

तिनं बोट घालून पाहिलं. दात होते.

इनेस हळूहळू पीत होती. आणि पिता पिता तिनं आईची करंगळी मुठीत धरली.

धाकटी असं कधीच करत नसे. पहिली करायची. करंगळी धरल्याशिवाय ती प्यायचीच नाही.

कासिल्दाच्या अंगावर सरसरून काटा आला… आणि त्याच क्षणी तिला पान्हा फुटला. असा की चोळी भिजली.

ती रात्रभर रडली. कुणासाठी रडतेय, ते तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेआंद्रो काचा घेऊन आला. खूष होता.

"बघा. पापणी न् पापणी आलीय. जिवंत मूल इतकं स्वच्छ मला कधी मिळालं नव्हतं. फार शहाणी पोर."

"पण ती तर सारखी पाय झाडत होती," कासिल्दा म्हणाली.

"छे हो. झाडले असते तर पाय दिसलेच नसते."

काचेवर पाय दिसत होते. दहाही बोटं.

"ही दुसरी मात्र वाया गेली," तो म्हणाला. "तुम्ही गेल्यावर चर्चच्या दाराची काढली होती. कुत्रं मधे आलं वाटतं."

कासिल्दानं काच उजेडाला धरली. कमान, पडक्या भिंती, सगळं लख्ख. आणि उंबरठ्याच्या आतल्या बाजूला… गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पुसट डाग. कुणीतरी एक क्षणही स्थिर न बसल्यासारखा.

पुसट कोण येतं, ते तिला कालच सांगितलं होतं.

जे हलतं ते.

तिनं पोर उचललं आणि चालू लागली. मागून दोन्या ब्रिहिदा धापा टाकत आली. आन्सेल्मोला दोघींनी काही सांगितलं नाही.

चर्चच्या दाराशी पारवे नव्हते. वारा नव्हता.

आतून, कुंडाच्या बाजूनं… बारीक आवाज येत होता. रडून रडून घसा बसलेल्या पोराचा.

कासिल्दा आत धावणार, तोच म्हातारीनं तिचा दंड धरला.

"आत जाऊ नकोस. इथूनच हाक मार. पण आधी हिला सांग." तिनं कडेवरच्या पोरीकडे बोट केलं. "थांब म्हणून सांग. मग दुसरीला बोलव. एका अंगात दोघी मावायच्या नाहीत."

कासिल्दानं पोरीकडे पाहिलं. पोर तिच्याकडेच बघत होती. करंगळी मुठीत होती.

"सांग, पोरी. तिचा आवाज बसत चाललाय."

"एकदा सांगितलंय मी हिला थांब म्हणून," कासिल्दा म्हणाली. "माती टाकताना. पुन्हा नाही सांगणार."

"मग धाकटी गेली समज."

आतलं रडणं आता मधे मधे तुटत होतं.

कासिल्दा उंबरठ्यावर गुडघे टेकून बसली. कडेवरच्या पोरीला तिनं छातीशी इतकं घट्ट धरलं की म्हातारीला वाटलं, गुदमरेल. आणि तिनं हाक मारली.

"इनेस, चल. इनेस, तूही चल. कुणी मागे राहू नका."

दोन्या ब्रिहिदानं छातीवर क्रुसाची खूण केली.

आतलं रडणं थांबलं.

बराच वेळ काहीच झालं नाही…

मग कडेवरच्या पोरीनं टाहो फोडला आणि आईच्या खांद्याला कडकडून चावली. रक्त येईपर्यंत. कासिल्दा रडत रडत हसायला लागली.

तिची करंगळी मात्र अजून मुठीतच होती.

वाटेत म्हातारीनं विचारलं, "मी घेऊ का? दमलीस."

तिनं पोरीला कडेवर घेतलं. चार पावलं गेली आणि लगेच परत दिली. पुढे तिनं त्या नातीला कधीच उचललं नाही.

ती पोर जगली. खणखणीत जगली. तीच माझ्या सासूबाईंची आजी. नऊ मुलं झाली, पण तिनं कुणाचा फोटो काढू दिला नाही आणि कुणाचं नाव दुसऱ्याला ठेवू दिलं नाही.

माझी लेक आता आठ महिन्यांची आहे. घरातले म्हणतात, त्या इनेस आजीचं नाव ठेवू या, किती छान नाव आहे. मी विषय बदलते.

कारण सासूबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितलीय. लहानपणी त्या आजीला जेवायला हाक मारायला जायच्या. आजी अंगणात एकटीच बसलेली असायची. "आजी इनेस," अशी हाक मारली की ती लगेच बोलायची नाही. मान जराशी वळवून बाजूला बघायची. थोडं थांबायची.

पुन्हा हाक मारली की वैतागून म्हणायची,

"दिली ना ओ तिनं… ऐकू नाही आली?"