काळ्या चौकटीचा कागद

बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्ह गावाच्या जुन्या गल्लीत एका खांबापाशी नेव्हेना वडिलांचा फोटो छापलेला, काळ्या चौकटीचा कागद चिकटवत होती. बारीक पाऊस पडत होता. खळ बोटांवरून मनगटापर्यंत ओघळली होती.

"तुमचा कागद माझ्या आजोबांच्या डोळ्यावर आलाय," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. तसाच कागदांचा गठ्ठा हातात घेऊन एक उंच तरुण उभा होता.

"माफ करा... पण तुमचे आजोबा तिरके लावलेत."

"चालायचेही तिरकेच. राहू द्या, त्यांना शेजार आवडायचा."

चाळीस दिवसांत तिला पहिल्यांदा हसू आलं. लगेच अपराध्यासारखंही वाटलं.

माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं, तो जिथं राहिला तिथल्या दारा-खांबांवर कागद लावायचा, ही तिकडची रीत. नेव्हेनाचे वडील तरुणपणी या गावात क्लॅरिनेट वाजवायचे. पुढे समुद्रकाठी वार्नाला गेले ते परतले नाहीत. त्यांना ओळखणारं एक तरी माणूस इथं भेटावं, एवढ्यासाठी ती आजचा दिवस काढून आली होती.

"पत्ता?" तिचं ऐकून घेऊन त्यानं विचारलं. त्याचं नाव ल्युबेन.

"पत्ता नाही. वरच्या मजल्यावर गल्लीत झुकलेली खिडकी, खाली अंजिराचं झाड... बाबा एवढंच सांगायचे."

"मी खिडक्याच दुरुस्त करतो. गाडी कितीची?"

"साडेपाचची."

"मग चला. खळीचा डबा माझ्याकडे द्या, तुम्ही गावभर सांडाल."

दोघं चढ चढले, उतरले. एका घरी अंजीर होतं तर तशी खिडकी नव्हती. दुसरीकडे खिडकी होती, पण घरच्या बाईंनी फोटो पाहून नकारार्थी मान हलवली. चार वाजले. नेव्हेना ओल्या पायरीवर बसली. तिनं पिशवीतून शिजवलेल्या गोड गव्हाची वाटी काढली. मृतांच्या नावानं वाटतात ते गहू. ल्युबेननं चमचाभर घेतले.

"देव त्यांना क्षमा करो," तो रीतीप्रमाणे म्हणाला, आणि एकेक दाणा सावकाश चावून खाल्ला. त्याचं ते सावकाश खाणं तिला फार बरं वाटलं.

"एक घर राहिलंय," मग तो म्हणाला. "अंजीर तोडलंय तिथलं. बुंधा असेल."

बुंधा होता. कागद लावताच दार उघडून एक म्हातारी बाहेर आली. तिनं फोटोवरून बोट फिरवलं.

"हा तर आमचा स्टोइल! पोरी, रोज संध्याकाळी तीच एक धून, आणि रोज त्याच जागी चुकायचा."

"शेवटपर्यंत चुकायचे, आजी," नेव्हेना म्हणाली, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिला त्या दारात आलं. म्हातारीनं तिला जवळ घेतलं. ल्युबेन पाठ फिरवून खिडकीची चौकट तपासत राहिला.

स्टेशनवर तो धावतच फुलं घेऊन आला. तिनं मोजली.

"दोन? सम फुलं मेलेल्यांना देतात. मी जिवंत आहे अजून."

तो कानापर्यंत लाल झाला. "फुलवालीनं हातातले कागद पाहिले असणार... आणि मी पाहिलंच नाही."

तिनं एक कार्नेशन ठेवून घेतलं, दुसरं त्याच्या खिशात खोचलं. "आता झालं एक-एक."

गाडी आली. तिच्याकडे कागद उरले नव्हते, वेळही नव्हता.

"सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागतील..." ती म्हणाली. "पोस्टानं पाठवले तर लावशील?"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांनीही ऐकलं.

"लावीन की. पण मी तिरके लावतो."

ती पायरीवर चढली. दांडी धरलेल्या तिच्या बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती.

"मग मलाच यावं लागेल," ती म्हणाली.