एक गार सोल्डरिंग आयर्न आणि दोनशे चाळीस अंडी

"कोणाकडे सोल्डरिंग आयर्न आसा?"

लाटंबार्शाच्या तिठ्यावरच्या दुकानात एक तरुण नखशिखांत भिजून आत शिरला आणि सगळ्यांना उद्देशून हेच विचारू लागला. बाकावरच्या म्हाताऱ्याने कानाला हात लावला. "इस्त्री जाय तुका? ह्या पावसात?"

पावसामुळे आडोशाला थांबलेल्या गौरवीला सोडा पिता पिता ठसका लागला.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे... मग पुन्हा तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

"खरंच?"

"डिचोलीला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, इन्व्हर्टर. तुमचं काय बंद पडलंय?"

"अंडी," तो म्हणाला आणि लगेच लाजला. "म्हणजे... अंडी उबवायचं मशीन. एकोणिसावा दिवस आहे. आतली ऊब उतरत चालली आहे."

पुढचं त्याने चालता चालताच सांगितलं. त्याचं नाव कृष्णनाथ. मुरगावच्या बंदरातली नोकरी सोडून त्याने घराच्या पडवीत हे मशीन मांडलं होतं. आत दोनशे चाळीस गावठी अंडी होती, आणि त्यातली निम्मी शेजारच्या बायकांनी विश्वासाने आणून दिलेली.

पडवीत त्याची आई, शेवंताबाई, मशीनवर गोधड्या घालून बसल्या होत्या. गौरवीला बघून त्या उठल्या. "मेकॅनिक खंय?"

"हीच गे, आई."

शेवंताबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बसायला कदेल पुढे सरकवलं.

गौरवीने मशीनचा प्लग काढला, झाकण उघडलं. सर्किटवर हिटरची तार जिथे जोडलेली असते, तिथला सोल्डरचा टाकाच तडकला होता. "पाच मिनिटांचं काम," ती म्हणाली आणि आपलं सोल्डरिंग आयर्न सॉकेटला लावलं.

पाच मिनिटं झाली. तिने टोकाला सोल्डरची तार टेकवून बघितली. वितळायचं नाव नाही. टोक गारच!

 मशीनमधला तापमापक साडेचौतीस अंश दाखवत होता; हवे होते साडेसदतीस.

"काय झालं?" कृष्णनाथने हळूच विचारलं.

"हे... तापत नाहीये."

आता तो म्हणणार, बाईमाणसाला बोलावलं म्हणून असं झालं. गेल्याच महिन्यात तिला बघायला आलेल्या मुलाची आई म्हणाली होती, "लग्नानंतर ही हत्यारांची पिशवी माहेरीच ठेवायची हं." गौरवीने त्या स्थळाला नकार दिला होता. तेव्हापासून घरात कोणी तिच्याशी धड बोलत नव्हतं.

पण कृष्णनाथ खाली मांडी घालून बसला. "आता काय बघायचं? सांगा. मी बॅटरी धरतो."

तिने श्वास घेतला. आयर्नचा प्लग काढून टेस्टर सॉकेटमध्ये घातला, पेटला. म्हणजे वीज होती. मग तिने आयर्नच्या प्लगच्या दोन पिनांना मीटर लावला. काहीच आकडा नाही. आत कुठेतरी वाट तुटली होती.

"आतली हिटिंग कॉइल जळली असेल तर संपलं," ती म्हणाली. "मग डिचोलीला जाऊन दुसरं आणावं लागेल. तोवर..."

"तोवर आई गोधड्या घालेल. तुम्ही उघडा तर."

तिने मुठीचा स्क्रू काढला. आतल्या कॉइलच्या दोन टोकांना तिने मीटर टेकवला. त्याने बॅटरी अजून जवळ आणली. त्याच्या ओल्या केसांतला एक थेंब तिच्या मनगटावर पडला...

"दोन हजार शंभर ओहम!" ती जवळजवळ ओरडलीच. "कॉइल जिवंत आहे!"

"मग मेलंय कोण?"

"वायर. बघा—" मीटर लावून तिने मुठीजवळची वायर वाकवली. मीटर पिपाणीसारखा वाजला, गप्प झाला, परत वाजला. "रोज पिशवीत दुमडून ठेवते ना, इथेच आतून तुटली आहे."

"रोज सोबत फिरायचं म्हणजे त्रास व्हायचाच."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"नाही ठाऊक," तो म्हणाला. "पण... चालेल मला."

गौरवीने न ऐकल्यासारखं करून तुटका तुकडा कापला. कान मात्र तापले होते. वायरची टोकं सोलून तिने स्क्रूखाली घट्ट आवळली, मूठ बंद केली आणि प्लग लावला. थोड्या वेळाने टोकाशी धुराची बारीक रेघ उठली. काळं पडलेलं टोक ओल्या फडक्यावर पुसून, राळेत बुडवून तिने त्यावर सोल्डर धरलं. ते चांदीसारखं चमकलं. मग मशीनच्या तडकलेल्या जागी एकच टाका, प्लग परत सॉकेटमध्ये... आणि लाल दिवा लागला.

चौतीस. चौतीस पूर्णांक दोन. पस्तीस.

शेवंताबाई देवघराकडे वळून हात जोडून उभ्या राहिल्या. कृष्णनाथ भिंतीला टेकून नुसता हसत होता, आणि गौरवीला कळलं की आपणही कधीपासून हसतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पलीकडे आधी नुसता चिवचिवाट, मग त्याचा आवाज. "दोनशे सहा! ऐकतेस ना, दोनशे सहा पिल्लं!" आनंदाच्या भरात तो अगं-तुगंवर आला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या मात्र आलं. डोळे पुसत ती म्हणाली, "ऐकतेय रे."

त्यानंतर त्याचा पंखा आला. मग रेडिओ. मग शेजाऱ्यांचा मिक्सर. गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात मात्र तो आला तो हात हलवत.

"आज काय आणलंस दुरुस्तीला?"

"काही नाही. सगळं नीट चाललंय." त्याने काउंटरवर बोटाने रेघ ओढली. "तरी आलो... तुला बघायला. आई म्हणते, गौरवीच्या घरी लग्नाचं विचारायला जाऊया. मी म्हटलं, आधी तिला विचारतो."

गौरवीने हातातला पेचकस खाली ठेवला. "एक ऐक. लग्न झालं तरी मी हे काम सोडणार नाही."

"सोडायला कोण सांगतंय?" तो इतका गोंधळून म्हणाला की इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी अलगद उचलल्यासारखं तिला झालं. रडू येईल की हसू, तेच तिला कळेना.

"रविवारी चारला चहाला ये," ती म्हणाली. "सर्वणला, आमच्या घरी. आईला घेऊन."

तो मान हलवून बाहेर गेला, स्कूटर चालू केली, बंद केली आणि परत दारात आला.

"गौरवी... हो म्हणायला बोलावतेस की नाही म्हणायला?"

"नाही म्हणायचं असेल तर कोणी आईसकट चहाला बोलावतं का रे?"