पाचवी पिशवी

बॅगा भरून झाल्या ना? मग बसा जरा. दिवा राहू दे तसाच. उद्या डोंगरावर चाललात म्हणून एक सांगतो. ऐकीव नाही हं. माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेल्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. जमिनीची मोजणी करायचा तो. मापाला इतका पक्का, की आम्ही त्याला फूटपट्टीच म्हणायचो.

चौदा वर्षं झाली. तेवीस डिसेंबर, शनिवार. तो, बायको आणि दोन मुलं, अशी चौघं वर उत्तरेत, बर्फाच्या डोंगरावरच्या एका रिसॉर्टवर उतरली होती. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, घरी होते. सोबतीला त्याची बहीण, ताई, येऊन राहिली होती.

अण्णांना जायचं होतं, बरं का. पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते त्यांनी. लाल नाड्या नातीने निवडलेल्या. रोज संध्याकाळी ते बूट घालून घरातल्या घरात फेऱ्या मारायचे, पायाला सवय असावी म्हणून. पण अण्णा दहा पावलांवर थांबायचे, रात्रभर खोकायचे, आणि याला चार दिवस मोकळे हवे होते. मग याने ठोकून दिलं, "अण्णा, तिथे सत्तरीपुढच्यांना आत घेत नाहीत. नियम आहे." अण्णा म्हणाले, "नियम आहे म्हटल्यावर काय बोलणार." बूट खोक्यात गेले. बायकोमुलांना याने सांगितलं, अण्णाच नको म्हणाले.

आणि तिथे पोचून बघतो तर जिकडेतिकडे आजी-आजोबा. त्यांच्यासाठी उन्हात बाकं, पायऱ्यांना कठडे. एक म्हातारे गृहस्थ तर नातवाबरोबर बर्फाचा माणूस करत होते. मुलगी म्हणाली, "आजोबांना किती आवडलं असतं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो फक्त 'हं' म्हणाला.

आता तिथली एक पद्धत ऐका. बूट बर्फाने ओले होतात, म्हणून ते खोलीबाहेर व्हरांड्यात काढायचे. रात्री एक बाई गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन यायची. दार न वाजवता बुटांचे जोड मोजायची आणि जितके जोड तितक्या पिशव्या कट्ट्यावर ठेवायची. मुलं झोपलेली असली तर झोपमोड नको, एवढंच.

त्या रात्री साडेनऊला त्याने दार उघडलं, तर कट्ट्यावर पाच पिशव्या. माणसं चार. फूटपट्टीच ती, जादा पिशवी ठेवून कशी घेईल? उचलली आणि परत द्यायला निघाला. बाई व्हरांड्याच्या टोकाशी होती.

"बाई, एक जास्त झाली. आम्ही चौघंच आहोत."

"जोड पाच आहेत दादा. आजोबांचे धरून."

"कुठले आजोबा?"

"तुमच्या दाराशी बाकावर बसलेत ते. मी म्हटलं, आत जा, गारठ्यात का बसलाय? तर म्हणाले, मला आत घेत नाहीत. नियम आहे."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "असा कसला नियम, दादा?"

त्याने पिशवी तिच्या हातात दिली. परत दिली, लक्षात घ्या... आणि मागे वळला.

बाक रिकामा होता.

खाली जोड होते. एक. दोन. तीन. चार.

पाचवा... पांढरा. लाल नाड्यांचा.

त्याने खिशातून फोन काढला. अण्णांचा नंबर लावायचा, खरं काय ते सांगायचं, माफी मागायची. अंगठा नंबरावर ठेवला. पण बोलायचं काय? कुठल्या तोंडाने? उद्या करू, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला.

आतून मुलीचा आवाज आला. "बाबा... बाहेर आजोबांसारखं कोण खोकतंय?"

"कोणी नाही."

"पण..."

"कोणी नाही म्हटलं ना. झोप."

तो आत गेला. दार लावलं. कडी घातली. स्वतःच्या हाताने.

खोकला थांबला. मग काहीच नाही...

पहाटे ताईचा फोन आला. अण्णा गेले होते. डॉक्टरांच्या मते रात्री साडेनऊच्या सुमाराला, झोपेतच. ताई रडत रडत एवढंच म्हणाली, "सारखं म्हणत होते रे, पायाला फार गार लागतंय. मी दोन गोधड्या घातल्या, तरी ऊब येईना."

व्हरांड्यात जोड चारच होते.

तेरावा झाल्यावर त्याने कपाटावरचं खोकं काढलं. ताईने शपथेवर सांगितलं, त्याला कुणाचा हात लागला नव्हता. आत बूट होते, नाड्यांना अण्णांची नेहमीची दुहेरी गाठ. बुटांखालचा कागद ओला होता. मुलगी शेजारीच उभी होती. "बाबा, आजोबा नको का म्हणाले होते?" तिने विचारलं. याने खोक्याचं झाकण लावलं.

अजून सांगितलेलं नाही तिला. मला सांगितलं, ते निवृत्तीच्या दिवशी, सगळे गेल्यावर, माझ्याकडे न बघता.

मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. त्याने खोकं माझ्यापुढे ठेवलं. चौदा उन्हाळे त्यावरून गेलेत. मी बूट बाजूला केले आणि कागदाला हात लावला.

ओला होता. बर्फासारखा गार.