लाल धाग्यातला रेझिस्टर

"पाच वाजले! कानात बोटं घाला!" योहेई ओरडला आणि धक्क्यावर आडवाच झाला.

बंदरावरचे भोंगे खरखरले आणि गावाचं पाचचं गाणं सुरू झालं. पहिले दोन सूर ठीक लागले. तिसरा मात्र असा घसरला, की जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याचा कुत्रा गळा काढून रडू लागला. योहेईची धाकटी बहीण नाओ खो खो हसली. मग तिचं लक्ष किरिकोकडे गेलं आणि तिनं तोंडावर हात धरला.

ते गाणं वाजवणारं यंत्र किरिकोच्या बाबांनी बनवलेलं होतं. ते ऐकून गावातली पोरं घरी पळायची. किरिको पळायची तेव्हा बाबा फाटकात उभे असायचे. मार्चमध्ये बाबा गेले. तेव्हापासून ती पाच वाजले तरी घरी जायचीच नाही, धक्क्यावर बसून राहायची.

"सगळे म्हणतात, माणूस गेला, मागोमाग यंत्रही गेलं," नाओ हळूच म्हणाली. "ओबोन झाला की शहरातून तयार टेप आणणार आहेत."

"बाबांचं यंत्र बेसूर वाजत नाही!" किरिको उसळली. "जुलैपर्यंत नीट होतं. कुणीतरी हात लावलाय त्याला."

मनातलं मात्र ती बोलली नाही. उद्या ओबोन. गेलेली माणसं घरी येणार, दारोदारी त्यांच्यासाठी विस्तव पेटणार. बाबांचा हा पहिलाच ओबोन. इतक्या तिखट कानाच्या माणसाचं स्वागत या रडगाण्यानं करायचं? 

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामकार्यालयात, गाण्याच्या यंत्राशेजारी, आता ते सांभाळणारे इकेगामी काका पंख्यानं वारा घेत बसले होते.

"काका, धावा! नाचाच्या मंडपातले कंदील गेले!" योहेई धापा टाकत म्हणाला.

"आत्ता? अरे बापरे!" काका चपला पायात अडकवून पळाले.

"किती खोटं बोलतोस रे!" किरिको म्हणाली.

"खोटं कुठं? गेलेतच. नाओनं पिन काढलीय ना!"

नाओ हसत हसत मागच्या दारानं आली. तिघांनी यंत्राचं झाकण उघडलं.

"वा! काय चकाचक आहे!" नाओ म्हणाली.

किरिकोचा चेहरा उतरला. आत प्रत्येक सुरासाठी रेझिस्टरची एकेक माळ होती, वीज अडवणारे शेंगदाण्याएवढे तुकडे स्क्रूखाली आवळलेले. सगळ्यांवरचे रंगीत पट्टे तंतोतंत सारखे. "धागे कुठे गेले?" तिनं विचारलं. "बाबांनी प्रत्येकाला धागा बांधला होता. लाल नाहीतर निळा."

"धाग्यांचं काय एवढं?"

"अरे, पट्टे सारखे असले तरी सगळे सारखे नसतात! कारखान्यातून कुणी थोडा जास्त निघतो, कुणी थोडा कमी. मी मीटर वाचायचे आणि बाबा बांधायचे. जास्तला लाल, कमीला निळा. मग एकाचं जास्त दुसऱ्याच्या कमीला लावायचं, की माळ बरोबर भरते आणि सूर नीट लागतो. कुणीतरी धागे काढून सगळे कालवलेत!"

"मग बघतोस काय, उघड स्क्रू!" नाओनं भावाला ढोसलं.

किरिकोनं खिशातून बाबांचा मीटर काढला. योहेई स्क्रू सोडत गेला, नाओ आकडे वाचत गेली. "जास्त! कमी! परत कमी! अगं, हा तर जास्तच जास्त!" किरिको जोड्या लावू लागली. किती दिवसांनी ती या ‘जास्त-कमी’च्या आवाजात काम करत होती! फक्त शेजारची बाबांची खुर्ची रिकामी होती. समोरचे तुकडे मधूनच धूसर व्हायचे, मग ती बाहीनं डोळे पुसायची.

"हात लावू नका!" दारात इकेगामी काका उभे होते, लालबुंद.

"काका, हे धागे कुणी काढले?" किरिकोनं वळूनही न बघता विचारलं.

काकांचा आवाज खाली आला. "मीच. खाऱ्या हवेनं गंज चढला असता. ओबोनआधी सगळे काढून पुसले, कचरा झटकला. पट्टे सारखेच होते, दिसेल तिथे बसवले. एक तुटला, तर मी सगळ्यात महागातला आणला! अगदी अचूक!"

"तिथंच तर घोळ झालाय! त्याच्या शेजारचा खूपच कमी आहे. त्याला अचूक सोबती काय कामाचा? तितकाच जास्त हवा."

बाकी सगळ्या माळा जुळल्या होत्या. तिसऱ्या सुराचीच राहिली. पाच वाजत आले होते.

"आता जास्तवाला आणायचा कुठून?" योहेईनं विचारलं.

किरिकोनं बाही वर सरकवली. तिच्या मनगटावर लाल धागा होता आणि त्यात एक रेझिस्टर. तिनं आयुष्यात मोजलेला पहिला. तो इतका जास्त, की कुठल्याच माळेत बसेना. बाबा हसून म्हणाले होते, "राहू दे आपल्याकडे. याच्याइतकाच कमी असलेला कुणीतरी भेटेल कधीतरी."

"तो नको, किरिको," नाओ कळवळून म्हणाली. "तुझ्याकडे त्यांचं एवढंच तर आहे!"

किरिकोनं दातांनी गाठ सोडवली. मीटरवर तो आणि माळेतला कमीवाला एकत्र धरले. काटा ना जास्त, ना कमी, बरोबर मधोमध उभा राहिला. तिनं स्वतःच्या हातानं स्क्रू आवळला आणि झाकण लावलं.

भोंगे खरखरले. पहिला सूर, दुसरा आणि तिसरा! स्वच्छ, गोल, जसा जुलैत होता तसा. धक्क्यावरचा कुत्रा मुकाट बसून राहिला. गावप्रमुख धावतच आत आले. "कुणी केलं हे?"

इकेगामी काकांनी पोरांपुढे कमरेत वाकून मान झुकवली. "चूक माझी होती. दुरुस्त या तिघांनी केली."

"शाब्बास रे पोरांनो!" गावप्रमुख म्हणाले. "टेप नको आता. हेच वाजेल."

पण किरिको ते ऐकायला थांबलीच नव्हती. पाचचं गाणं वाजत होतं आणि गावातल्या सगळ्या पोरांसारखी ती घरी पळत होती, उघडं मनगट हातात घट्ट धरून.

दारात आईनं विस्तव पेटवला होता. धूर सरळ वर चालला होता. डोळे मिटून आई गाणं ऐकत होती आणि तिचे गाल ओले झाले होते. फाटकात कुणीच नव्हतं. किरिको तिथं क्षणभर थांबली.

"मी आले, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.