अकरा नंबरचा खांब

इझबत अल-बुर्जचा जुना लाकडी धक्का पाडायचा की दुरुस्त करायचा, याचा निकाल शम्म अल-नसीमच्या सणाआधी लागायचा होता, आणि तो इंजिनियर सौसनच्या सहीवर अडला होता. धक्का पडला तर फेरीबोट दोन किलोमीटर लांब जाणार. मग पलीकडे रास अल-बरच्या हॉटेलांत कामाला जाणाऱ्या बायांनी काय उडत जायचं? सौसनची आई तीस वर्षं याच बोटीने गेली होती. खरं सांगायचं तर सौसनला धक्का वाचवायचाच होता. फक्त खोटी सही करायची नव्हती.

काम मात्र मजेत चाललं होतं. नाईलवरचं कोवळं ऊन, डांबराचा वास, नऊ वाजता गरम तामिया, म्हणजे वालाची भजी, आणि चहा. एकंदर बत्तीस खांब होते. वरून हातोडा मारायचा. आवाज भरीव आला तर खडूने गोल, पोकळ आला तर फुली. मग पाणबुड्याने खाली जाऊन हाताने चाचपून खात्री करायची. पाणबुड्या म्हणजे अडुसष्ट वर्षांचा मरझूक. सगळं गाव त्याला अम्म मरझूक म्हणायचं, अम्म म्हणजे काका. त्याची हवेची नळी त्याच्याहून म्हातारी दिसायची.

हातोड्यानेच दोघांचं बोलणं व्हायचं. वरून तीन ठोके म्हणजे "ठीक आहेस ना?" खालून दोन म्हणजे "ठीक." आणि खालून चार आले, तर "दमलो, बदली पाठव."

अकरा नंबर भरीव वाजला. सौसनने गोल काढला. थोड्या वेळाने मरझूक वर आला आणि पायरीवर निथळत बसला.

"इंजिनियरबाई, गोल पुसा तो."

"का?"

"पाण्याखाली खांबच नाही. हात या बाजूने घातला, त्या बाजूने काढला. अळीने खाल्लाय. वरचा तुकडा लोंबतोय नुसता."

"अम्म मरझूक, चष्मा लावून जात जा की खाली!" फेरीबोटीवरून तिचा कप्तान रईस बदवी ओरडला.

"हाताला चष्मा लागत नाही बाबा. तू तुझी बोट सांभाळ, परवा दोनदा ठोकलीस."

सौसन हसली आणि खात्री करायला तिने पुन्हा हातोडा मारला. तीनदा. आवाज भरीवच आला.

मग खालून दोन ठोके आले.

मरझूक तिच्या शेजारीच बसला होता. पाण्यात दुसरं कोणी नव्हतं. बोट घासली असेल, असं म्हणून तिने बदवीला बोट पार मध्यावर न्यायला लावली आणि पुन्हा तीन ठोके दिले. दोन आले. मरझूक चहाच्या पेल्यात बघत राहिला.

तिने मग इंजिनियरने करायचं तेच केलं. धक्क्यावर वाळूच्या पोत्यांचं वीस टन ओझं रचलं आणि प्रत्येक खांबाशी दबणं मोजायचा काटा लावला. एकतीस खांब तीन-चार मिलिमीटर दबले. दबायलाच हवेत. अकराचा काटा हलला नाही. दोन दिवस ओझं तसंच ठेवलं, तरी केसभरही हलला नाही.

"हे कसं, अम्म मरझूक?"

त्याने मिशी पुसली.

"चाळीस वर्षं झाली. शम्म अल-नसीमचाच दिवस. माझा जोडीदार शौकी अकराशी खाली, मी वर. चार ठोके आले. मी म्हटलं, एवढा मासा संपवतो नि जातो. संपवला. गेलो. खाली कोणी नव्हतं हो. नळी तेवढी खांबाला नीट गुंडाळून ठेवलेली."

"मग?"

"मग काय? उभा आहे ना धक्का? करा सही."

आकडे धक्क्याच्या बाजूने होते. तिने अकराशेजारी एक नवा खांब सुचवला, पुढच्या महिन्यात ठोकायचा म्हणून, आणि सही केली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

सणाच्या सकाळी धक्का माणसांनी फुलला. रंगवलेली अंडी, हिरवे कांदे, खारवलेल्या माशाचा उग्र वास. सौसनची आई नव्या फळ्यांवर पाय आपटून बघत होती आणि शेजारणींना सांगत होती, "माझ्या मुलीने वाचवला हो." सौसनचा आनंद मनात मावेना. मरझूकही तिच्याशेजारी कागद पसरून मासा खात होता.

गंमत म्हणून तिने हातोडा उचलला. अकरावर तीन ठोके दिले.

दोन आले नाहीत.

चार आले. सावकाश, एकेक.

मरझूकने अर्धा मासा कागदात गुंडाळला. बोटं पुसली. चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्या.

"या वेळी नंतर खाईन," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान तिने कधी पाहिलं नव्हतं.

"अम्म मरझूक, थांबा!"

तोवर तो पायऱ्या उतरून गेला होता. पाण्यावर साधा तरंगही नव्हता. हवेची नळी खिळ्यावर कोरडीच लटकत होती.

सौसनने हातोडा मारला. तीनदा.

लगेच दोन आले. ताज्या दमाच्या माणसाने मारावेत तसे.