तिसरी रिम

पहिल्याच भेटीत जो माणूस आपल्या सायकलीच्या चाकाकडे बघून हसतो, त्याच्याशी पुन्हा एक शब्दही बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हाही होतं. मी ते पाळलं नाही, ही वेगळी गोष्ट.

श्रावणाची भुरभुर चालली होती. आमच्या बंजारा तांड्यावरून उतरणाऱ्या खडीच्या रस्त्यात पाण्याने भरलेला खड्डा मला दिसलाच नाही, आणि माझ्या माउंटन बाईकच्या मागच्या चाकाची रिम वाकली. दिवाळीनंतर औंढ्याच्या डोंगरात सायकल स्पर्धेची निवड होती. तिच्यासाठी मी वर्षभर घाम गाळत होते, आणि आता चिखलात पाय ओढत, सायकल ढकलत वारंगा फाट्यावर आले होते. 'राठोड सायकल मार्ट' अशी पाटी दिसली. म्हटलं, चला, आपलंच माणूस!

आत एक तरुण टायर काढत बसला होता. त्याने माझं चाक एकदा गरकन फिरवलं… आणि हसला.

"ही रिम हे का पापड?"

"हसायला काय झालं?"

"तुमाला न्हाई हसलो. रिमला हसलो."

"रिम माझीच हे!"

"तुमची? मला वाटलं भावाची सायकल घेऊन आल्या."

झालं. डोक्यात तिडीकच गेली. मुलीच्या हातात जरा बरी सायकल दिसली की ती भावाचीच कशी असते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

"हे बघा भाऊ," मी ठणकावलं, "मला नवी रिम पाहिजे. साडेसत्तावीसची, बत्तीस भोकांची, डबल वॉल, डिस्क ब्रेकची. आन् मी शितल राठोड. दुकान बी राठोडाचं, तवा भाव बराबर लावा."

त्याचं हसू एकदम थांबलं. "व्हय," एवढंच म्हणाला. त्याचं नाव दिपक, हे मला शेजारच्या चहावाल्याच्या हाकेवरून कळलं.

आमच्या समाजात राठोड-राठोड म्हणजे एका कुळाचे, म्हणजे बहीण-भाऊ. तिथे दुसरा विचार करायचीच सोय नाही. म्हणूनच मी त्याच्याशी इतकी बिनधास्त भांडले. भावाशी भांडायला काय जातं?

आणि त्याने भांडायला कारणंही कमी दिली नाहीत! पहिली रिम मागवली ती छत्तीस भोकांची.

"चार भोकं जास्तच हेत की," तो म्हणाला. "फायदाच हे तुमचा."

"मंग तुमच्या हाताला चार बोटं जास्त लावू का? भोकं तितकेच स्पोक लागतात. माझ्या चाकाच्या मधल्या हबला बत्तीसच बसतात!"

त्याने कान पकडले. तेही तेलकट हातांनी. दोन्ही कान काळे झाले, आणि मला हसू आलं… ते मी दाबलं.

दुसरी रिम इतकी रुंद आली की टायर बसवल्यावर ते फ्रेमला घासायला लागलं. "एवढं चालतं," म्हणाला. मी त्याला सायकलवर बसवून फाट्यावरून चक्कर मारायला लावली. खर्र-खर्र आवाज करत तो गेला, खर्र-खर्र करत आला, आणि ट्रकवाले वळून वळून बघत होते.

"न्हाई चालत," घाम पुसत तो म्हणाला. "तुमचंच बराबर हे."

दर खेपेला तो माझ्यासाठी लाकडी स्टूल फडक्याने पुसायचा. चहा सांगायचा, आणि कपाचा कान माझ्याकडे करून ठेवायचा, स्वतःचा हात तेलकट म्हणून. पावसाची सर आली की रस्त्यावरून उडणारं पाणी माझ्या अंगावर येऊ नये म्हणून मध्ये उभा राहायचा. आणि एक गोष्ट मला फार खटकायची. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला, पोरीला तो ताई म्हणायचा. मलाच तेवढं "ओ सायकलवाल्या"! मी वाक्यागणिक भाऊ म्हणते आणि याला एकदा ताई म्हणायला जड जातं?

मग तिसरी रिम आली. काळीभोर, बत्तीस भोकांची, अगदी मापाची. त्याने ती बसवून चाक फिरवलं. चाक सरळ फिरलं. जरासुद्धा हललं नाही.

आणि मी हिरमुसले. आता इथे यायचं काही कारणच उरलं नव्हतं…

"न्हाई आवडली," मी म्हणाले.

"काहून?"

"रंग."

"काळा रंग हे. टायर बी काळंच हे."

"जास्तच काळी हे!"

तो रिम फडक्याने पुसायला लागला. मी सायकल तिथेच टाकून निघाले आणि तांड्यापर्यंत स्वतःलाच शिव्या घालत चालले. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात आवडायला दुसरा कुणी मिळाला नाही का? सापडला तो राठोडच! मला त्याचा राग येत होता, पाटीचा राग येत होता, आणि डोळे पुसावे लागत होते याचा तर सगळ्यात जास्त. तो मला आवडत होता. खूप आवडत होता. आणि यावर काही इलाज नव्हता.

घरी याडी वाट बघत होती. आईला आम्ही याडी म्हणतो. आमची याडी, रूपाबाई, घुमवून-फिरवून बोलत नाही.

"किती रिमा लागतात गं एका सायकलीला?"

"मापाची मिळत न्हाई."

"तांड्यात बाया बोलून राहिल्या. दुकान राठोडाचं हे म्हणतीस ना? मंग भाऊच लागला. उद्या पुनव हे. त्याला राखी बांधून ये, म्हणजे समद्यांची तोंडं बंद."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? दुसऱ्या दिवशी मी राखी घेऊन फाट्यावर गेले. दिपक एकटाच होता. तिसरी रिम बसवलेली माझी सायकल धुऊन पुसून उभी होती.

"हात पुढं करा," मी म्हणाले.

त्याने हात पुढे केला आणि राखी दिसताच विंचू चावल्यागत मागे घेतला.

"न्हाई बांधून घेणार!"

"काहून? सण हे आज. मी एवढी चालत आले!"

"एवढे दिवस ऐकून घेतलं मी! भाऊ, हे द्या. भाऊ, ते बघा. भाऊ, अक्कल हे का! एखादा पोरगा आवडत न्हाई तर तसं सांगावं. हे भाऊ-भाऊ कशाला?"

"राठोडाला राठोड दुसरं काय म्हणणार?" मी ओरडलेच.

"कोण राठोड? मी चव्हाण हे!"

चव्हाण म्हणजे आमच्यातलंच, पण दुसरं कूळ; राठोड-चव्हाणांच्या तर सोयरिकी होतात!

"पाटीवर…"

"पाटी मामाची हे! दुकान मामाचं हे! फाट्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक हे!"

"मला कुणी सांगितलं?" माझा संताप अनावर झाला. "मी रडले तुमच्यापायी! अन् तुमी आडनाव खिशात घालून बसले?"

"रडल्या?" तो एकदम हळू झाला. "…काहून?"

तेवढ्यात मागच्या दारातून त्याचे मामा, प्रेमदास राठोड, बाहेर आले. चला, हे तरी खरे राठोड आहेत, असं म्हणून मी राखी घेऊन त्यांच्याकडे वळले.

"थांबा!" दिपक मध्ये आडवा आला. "मामाला बांधली तर तुमी माझ्या मावशी होता!"

मामा एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा भाच्याकडे. मग मिशीत हसले.

"अगं बाई, मी तुझ्या बापाच्या वयाचा. मी काका लागतो तुला. काकाला कुणी राखी बांधतं का?" आणि छत्री उघडून ते सरळ चहाच्या टपरीकडे निघून गेले.

आम्ही दोघंच उरलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"तिसऱ्या रिममध्ये काहीच खोट नव्हती," मी म्हणाले.

"ठाऊक हे मला."

"मंग मला तसंच का जाऊ दिलं?"

"अडवलं असतं तर तुमी सायकल घेऊन गेल्या असत्या, परत आल्याच नसत्या… आन् मला तुमी आवडता. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवशी तर हसले तुमी मला!"

"रिमला."

मी सायकल घेतली. हँडलवर माझ्या हाताशेजारी त्याचा हात होता, तेलकटच. मी माझा हात काढला नाही.

"मला बी आवडता तुमी," मी तावातावाने म्हणाले. "पण पुन्हा माझ्या चाकाला पापड म्हणलात तर बघा!"

घरी पोचले तर याडी दारातच.

"बांधली?"

"न्हाई. तो चव्हाण निघाला."

याडीच्या हातातलं सूप थांबलं. मग ती कडाडली, "अन् हे पहिल्याच दिवशी काहून न्हाई इचारलं गं? अर्धा श्रावण वाया घातला!"

ती सूप टाकून उठली, सायकलीभोवती फिरली आणि पुढच्या चाकावर बोट ठेवलं.

"ही रिम बी जुनीच दिसती मला. उद्या दाखवून आण."