चौदा नंबरची साखर

उसाच्या पेशीत कशाचं काय होतं, ते दाखवणारा भिंतभर नकाशा होता. गोल म्हणजे पदार्थ, बाण म्हणजे वाट. बेलापूरजवळच्या त्या ऊस संशोधन केंद्रात १९९८ साली कॉम्प्युटर एकच होता, आणि त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण आणि दसऱ्याचा वाळका हार होता. म्हणून यशोधरानं पानं, कांडी, मुळं यांच्या मोजमापांचे हजारभर आकडे चिठ्ठ्यांवर लिहून टाचण्यांनी त्या त्या गोलात टोचले आणि लाल दोऱ्यानं जोडले. सगळ्या प्लॉटांचा मेळ बसला. फक्त चौदा नंबरमध्ये पानात झालेली साखर कांडीत पोचतच नव्हती. दुसऱ्या कुठल्या गोलातही नव्हती.

"चौदा नंबर खोडून टाक," तिचे गाईड राधाकृष्णसर बिनसाखरेचा चहा फुंकत म्हणाले. "मग प्रबंधावर सही."

"सर, तीनदा मोजलंय!"

"मग चौथ्यांदा मोजू नकोस."

तिची कानशिलं तापली. चार वर्षं चिखल तुडवला तो आकडे खोडायला?

सोमवारी सकाळी चौदा नंबरच्या साखरेच्या टाचणीपासून एक दोरा नकाशाबाहेर निघाला होता. कोऱ्या भिंतीवर, वीतभर.

"अलीमभाई, हा चावटपणा कुणाचा?"

बाटल्या धुणारे अलीमभाई वळलेही नाहीत. "मला इचारू नका मॅडम. माझ्याकडं बाटल्या आन् सरांची खुर्ची. ती रोज राकेलनं पुसायची. लई मुंग्या लागत्यात."

तिनं दोरा तोडला. मंगळवारी तो हातभर झाला. तिनं खाली चिठ्ठी लावली : 'संशोधनात परवानगीशिवाय भर घालू नये.'

बुधवारी चिठ्ठी दोऱ्यालाच नीट टाचलेली होती. दोरा सरांच्या केबिनच्या दाराखालून आत गेला होता.

ती तरातरा आत घुसली. दोऱ्याचं टोक सरांच्या खुर्चीच्या पायाला बांधलेलं. पक्की गाठ.

सरांनी वाकून पाहिलं. दचकले नाहीत.

"माझ्या वेळी सात नंबरचा प्लॉट होता," ते म्हणाले आणि पेन पुढं केलं. "उद्या शेवटची तारीख."

"हे बरोबर नाही, सर!"

"नाहीच."

तिनं पेन हिसकावलं, बाहेर येऊन आपल्या स्टुलावर बसली. रागारागानं प्रबंध पुढ्यात ओढला.

चौदा नंबरचं एक पान खोडलं.

दुसरं खोडलं.

तिसरं चिकटलेलं. तिनं बोट जिभेला लावलं.

गोड लागलं.

अलीमभाई फडकं घेऊन केबिनमधून बाहेर आले. राकेलचा वास आला. ते खाली बसले आणि तिच्या स्टुलाचे पाय पुसू लागले.